नोकरीपूर्वीची पडताळणी : कर्माची की जन्माची?

प्रास्ताविक

आजच्या स्पर्धेच्या काळात नोकरी मिळणे जेवढे अवघड झाले आहे, तेवढेच विश्वासाचा माणूस कामाला मिळणेही अवघड झाले आहे. आपल्या मावळ तालुक्यापुरते बोलायचे तर एके काळी आपल्या वस्तीतल्या माणसाला ठाऊक असलेल्या नोकऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. रेल्वे, देहूरोडचा लष्करी डेपो, लोणावळ्याचे आय.एन.एस. शिवाजी, टाटांची धरणे, आणि यांपैकी काहीच न जमल्यास कुणा शेठच्या बंगल्यावर माळी किंवा पहारेकरी. आज तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहती, लोणावळ्याची हॉटेले, पवना धरणाच्या काठचे रिसॉर्ट, बँका आणि सुरक्षा एजन्स्या अशी कितीतरी दारे आपल्या मुलांपुढे आहेत. दुसऱ्या बाजूने आपल्यातलेच काहीजण माणसे कामाला ठेवणारे झाले आहेत. कुणाचे टेम्पो आहेत, कुणाची खाणावळ आहे, कुणी क्लास चालवतो. आपल्या संस्थाही वसतिगृह, वाचनालय, बालवाडी यांसाठी माणसे नेमतात.

म्हणून नोकरी देण्यापूर्वी माणसाची पूर्वपीठिका तपासणे, हा विषय आपल्याला दोन्ही बाजूंनी समजून घ्यावा लागेल. उमेदवार म्हणून आपण कोणत्या तपासणीला सामोरे जातो, आणि मालक किंवा पदाधिकारी म्हणून आपण कोणती तपासणी करायला हवी, या दोन्ही गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ओळखीची सही

पूर्वी बँकेत खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागत असे. माणूस काउंटरपाशी येई, रांगेतल्या कुणालाही म्हणे, "साहेब, एवढी सही द्या ना," आणि तो सही देऊन टाकी. पुढे त्या खात्यात चोरीचा चेक वटला म्हणजे सही करणाऱ्याला पोलिसांपुढे हात जोडून सांगावे लागे की, मी या माणसाला ओळखत नाही. ओळखत नव्हतास तर सही का केलीस, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसे.

नोकरीसाठी दिल्या जाणाऱ्या चारित्र्याच्या दाखल्याचेही आपण असेच करून टाकले आहे. "सदर इसमास मी गेली पाच वर्षे ओळखतो व त्याची वर्तणूक चांगली आहे," असे छापील कागद सरपंच, नगरसेवक, मुख्याध्यापक यांच्या टेबलावर गठ्ठ्याने पडलेले असतात. सही करणारा वाचत नाही आणि घेणाराही वाचत नाही. अशा कागदाला पडताळणी म्हणता येणार नाही. जे लिहिले आहे ते खरे आहे काय, हे लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी समजून घेणे, ही पडताळणीची साधी व्याख्या आहे. रिझर्व्ह बँकेने ग्राहक ओळखीसंबंधी २०१६ साली जे निर्देश काढले, त्यात कर्मचारी भरती करतानाही पुरेशी छाननी असलीच पाहिजे, असे बजावले आहे. ग्राहकाला ओळखा आणि आपल्या माणसालाही ओळखा, असा त्याचा अर्थ आहे.

संघातील प्रवेशाचे प्रश्न

ही कल्पना परकी नाही. आपल्या कार्ले, भाजे, बेडसे येथील लेण्यांतून ज्या भिक्खूंनी वर्षावास केले, त्यांनाही संघात प्रवेश घेताना प्रश्न विचारले जात. विनयपिटकातील महावग्गात उपसंपदेचा विधी सांगितला आहे. उमेदवाराला काही ठरावीक रोग आहेत काय, तो कुणाचा दास तर नाही, कर्जदार तर नाही, राजाच्या चाकरीत तर नाही, आईवडिलांची परवानगी आहे काय, वयाची वीस वर्षे पूर्ण झाली काय, त्याचे नाव काय आणि त्याच्या उपाध्यायाचे नाव काय, असे ते प्रश्न आहेत.

यात तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. राजाच्या चाकरीतला माणूस घेऊ नये हा नियम बिंबिसार राजाचे सैनिक लढाई चुकवून प्रव्रज्या घेऊ लागले तेव्हा झाला. दुसरी, संपूर्ण संघासमोर हे प्रश्न विचारल्यावर उमेदवार लाजत, गोंधळत. म्हणून आधी एका बाजूला नेऊन त्यांना समजावून सांगावे आणि मगच संघापुढे विचारावे, अशी व्यवस्था करण्यात आली. चौकशी करायची, पण माणसाची अब्रू राखून. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे या यादीत जातीचा प्रश्न नाही. उपाली न्हावी होते, सुनीत रस्ते झाडणारे होते. दोघांनाही संघात स्थान मिळाले.

अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो, पण तिचा पुढचा भाग सहसा सांगत नाही. अंगुलिमाल भिक्खू झाल्यावर लोक घाबरून कुरकूर करू लागले. तेव्हा कुप्रसिद्ध दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. परंतु त्या नियमाने अंगुलिमालाला संघाबाहेर काढले नाही. लोकांच्या सुरक्षिततेसाठी नियम हवा आणि बदललेल्या माणसाला जागाही हवी, या दोन्ही गोष्टी एकाच कथेत आल्या आहेत. पुढील विवेचनात हे सूत्र आपल्याला धरून ठेवावयाचे आहे.

जेव्हा जन्माचीच तपासणी होते

पार्श्वभूमी तपासणे हा शब्द आपल्या समाजाला गोड वाटत नाही, त्याला इतिहास आहे. इंग्रजांच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद करण्यात आली. त्यांच्या हातून काही अपराध घडला म्हणून नव्हे, तर लढवय्या जाती कोणत्या आणि नव्हेत त्या कोणत्या, अशी यादी सरकारने केली म्हणून. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे ही लढाई चालली.

कुणी म्हणेल, त्या जुन्या गोष्टी झाल्या. तर अलीकडची गोष्ट पाहू. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटेवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातील ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखेच, फरक फक्त अर्जदाराच्या नावात. कुठे उच्चवर्णीय आडनाव, कुठे दलित आडनाव, कुठे मुस्लिम नाव. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दलित नावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच होती. मुस्लिम नावाची स्थिती याहून वाईट होती.

मुलाखतीत "घरी कोण कोण असते? वडील काय करतात? मूळ गाव कोणते?" असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला पुष्कळदा दुसरेच काही जाणून घ्यायचे असते. ही पडताळणी नव्हे, हा भेद आहे. माणसाने काय केले हे पाहणे ही पडताळणी, आणि तो कुणाच्या पोटी जन्मला हे पाहणे हा पक्षपात. या दोहोंतील अंतर आपण स्वतः माणसे नेमतानाही विसरता कामा नये.

जात पडताळणी : आपल्या हक्काचे कुलूप

मात्र एक तपासणी अशी आहे की तिथे जातीचा पुरावा द्यावाच लागतो, आणि ती आपल्याच हिताची आहे. महाराष्ट्र राज्याने स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, नवबौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्यांत मात्र त्यासाठी १९९० च्या कायद्याची वाट पाहावी लागली. एवढ्या कष्टाने मिळालेली जागा खोटा दाखला काढून दुसऱ्याने घेतली, तर एका मुलाची एक पिढी मागे जाते.

खोट्या दाखल्यांचे प्रमाण वाढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी कुमारी माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्या आणि दक्षता पथक यांची रीत घालून दिली. हा खटला महाराष्ट्रातीलच. त्यानंतर राज्याचा स्वतंत्र कायदा आला आणि तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. दावा खरा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्याने अर्जदारावर टाकली आहे, आणि खोट्या दाखल्याला सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची तरतूद केली आहे. पुढे ६ जुलै २०१७ रोजी भारतीय अन्न महामंडळ विरुद्ध जगदीश बहिरा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दाखला अवैध ठरला तर नोकरी कितीही वर्षांची असली तरी केवळ त्या कारणाने तिला संरक्षण मिळणार नाही.

तपासणी उशिरा झाली म्हणजे काय होते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात सर्वांनी पाहिले. पुण्यात प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्या पूजा खेडकर यांची उमेदवारी संघ लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी रद्द केली. स्वतःचे आणि आईवडिलांचे नाव बदलून त्यांनी परवानगीपेक्षा अधिक वेळा परीक्षा दिली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्याच वेळी आयोगाने हेही सांगितले की, हजारो उमेदवारांच्या प्रमाणपत्रांची आपण केवळ प्राथमिक छाननी करतो. ती खरी की खोटी हे शोधण्याची यंत्रणा आपल्याकडे नाही. एवढ्या मोठ्या भरतीची ही अवस्था, तर लहान कार्यालयांची काय सांगावी?

आता आपल्या घरची अडचण. अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा मागितला जातो. आपल्या अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' लिहिलेले आहे. माझे आजोबा २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला, बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली त्या दिवशी, गर्दीत उभे होते. जे नाव त्यांनी पुढे टाकून दिले, तेच नाव शोधायला मी वडगावच्या तहसील कचेरीत जुनी कोतवाल बुके चाळत बसलो होतो. मनाला वाईट वाटले, हे लपवत नाही. पण ती एक ओळ सापडली म्हणून माझ्या मुलीचे काम झाले. अपमान त्या नोंदीने झालेला नाही. तो ज्या व्यवस्थेने केला तिची ती साक्ष आहे, असे मी स्वतःला समजावले.

एका 'नाही'ची किंमत

चारित्र्य पडताळणीबद्दल लिहिताना मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी कामशेतजवळच्या एका वाडीतला मुलगा केंद्राच्या एका दलात निवडला गेला. साक्षांकन नमुना भरायला तो माझ्याकडे आला. तुमच्यावर कधी खटला झाला होता काय, असा त्यात रकाना असतो. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना क्रिकेटच्या सामन्यावरून दोन गावच्या पोरांत मारामारी झाली होती. सगळ्यांवर केस झाली, पुढे तडजोड झाली आणि सर्वजण सुटले.

"काका, इथं काय लिहू?" त्याने विचारले.

"अरे, केस मिटली ना? मग 'नाही' लिही," मी म्हणालो.

तो प्रशिक्षणाला गेला. पोलीस ठाण्याचा अहवाल मागाहून पोचला आणि माहिती दडवली म्हणून त्याला घरी पाठवण्यात आले. मारामारी क्षुल्लक होती, पण दडवणे क्षुल्लक ठरले नाही. आज तो तळेगावला दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. भेटला की अजूनही काका म्हणतो आणि मला खाली बघावे लागते.

याच प्रश्नावर २१ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी अवतारसिंग खटल्यात निकाल दिला. तो प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा. त्याचा सारांश असा की, विचारलेली माहिती खरी दिलीच पाहिजे. खरी माहिती दिल्यावरही मालकाला पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार राहतो. नेमणूक द्यावीच अशी सक्ती त्याच्यावर नाही. परंतु गुन्हा किरकोळ असेल, तरुणपणी घोषणा देण्यासारखा असेल, तर माहिती दडवली तरीही मालक ती चूक माफ करू शकतो. फॉर्ममधील प्रश्न मोघम नसावा; जे स्पष्टपणे विचारले आहे तेवढ्याचेच उत्तर देणे बंधनकारक आहे. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला या कारणाने काढायचे तर आधी खातेनिहाय चौकशी करावी लागते.

त्याआधी २०११ साली दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराने असाच जुना मारामारीचा खटला दडवला होता. तेव्हा न्यायालयाने व्हिक्टर ह्युगोच्या कादंबरीतील ज्याँ व्हालज्याँची आठवण दिली. पाव चोरला म्हणून तो जन्मभर चोर ठरला. तरुण वयातल्या चुकीचा शिक्का जन्मभर मारू नये, असे न्यायालयाचे म्हणणे होते. अंगुलिमालाच्या कथेतले सूत्र ते हेच. तरी विद्यार्थ्यांनी क्षमेच्या भरवशावर राहू नये. 'होय' लिहून, पुढे "तडजोड होऊन निर्दोष मुक्तता" असे नमूद करून निकालाची प्रत जोडावी. उमेदवाराने सत्य सांगितले असेल तर निदान त्याच्या बाजूने बोलता येते.

आपण माणूस नेमतो तेव्हा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला. अटक झालेला सफाई कामगार कंत्राटी होता आणि थोड्याच दिवसांपूर्वी कामाला लागला होता. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांतील सुरक्षारक्षक, सफाई कामगार, वाहनचालक इत्यादींची पूर्वपीठिका तपासावी आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, असे ठरवले. सुरक्षा एजन्स्यांना तर २००५ च्या कायद्यानेच पहारेकऱ्याच्या चारित्र्याची खात्री करून घेणे भाग आहे. तरीही लोणावळ्यातल्या किती बंगल्यांवर "गावचा आहे, पाव्हण्याने पाठवला आहे," एवढ्यावर माणूस ठेवला जातो हे आपण जाणतो.

आपल्या संस्थाही याला अपवाद नाहीत. माझ्या माहितीतल्या एका मंडळाने इमारत निधीचे पावतीपुस्तक एका गोड बोलणाऱ्या माणसाच्या हाती दिले. त्याने आधीचे काम का सोडले, हे कुणी विचारले नव्हते. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी दिलेले पैसे त्यात होते. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

१) मूळ कागदपत्रे स्वतः पाहावीत, झेरॉक्सवर समाधान मानू नये.
२) आधीच्या मालकाला स्वतः फोन करावा. किती वर्षे होता, काय काम केले आणि का सोडले, हे तीन प्रश्न विचारावेत.
३) मुलांशी, वृद्धांशी किंवा रोख रकमेशी संबंध येणाऱ्या कामासाठी पोलिसांचा दाखला घ्यावाच.
४) जे प्रश्न एकाला, तेच सर्वांना. ओळखीच्याला सूट नाही आणि आडनाव पाहून संशय नाही.
५) कळलेली माहिती कुलपात ठेवावी. चहाच्या टपरीवर ती चर्चेचा विषय होता कामा नये.
६) पोलिसांचा दाखला स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. नोंद नाही याचा अर्थ अपराध नाही असा होत नाही. नेमणुकीनंतर देखरेख, दोन सह्यांचा व्यवहार आणि पावत्यांचा हिशेब हे चालूच राहिले पाहिजे.
७) कुणाच्या हातून पूर्वी चूक झाली असेल आणि त्याने ती आपण होऊन सांगितली, तर दार बंद करण्यापूर्वी विचार करावा. चूक कोणती, किती जुनी, आणि ज्या कामावर घ्यायचे त्याच्याशी तिचा संबंध आहे काय, हे पाहावे.

विद्यार्थ्यांसाठी

१) वडील व आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, वंशावळ आणि रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र आजच एका फाइलमध्ये लावून ठेवावे. निवड झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.
२) जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता मात्र जिल्हा पडताळणी समिती देते. हे दोन कागद वेगळे आहेत.
३) पोलीस दाखल्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. लोणावळा, कामशेत, वडगाव ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांत आहेत, तर तळेगाव व देहूरोड ही पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, २०१८ साली ते स्थापन झाले तेव्हापासून. अर्ज योग्य ठिकाणी करावा.
४) सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे काय ते तपासावे. फरक असल्यास राजपत्रात नोंद करून घ्यावी.
५) बँकेच्या नोकरीत आता उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहासही पाहिला जातो. मोबाइलच्या हप्त्याची थकबाकीदेखील त्यात दिसते.
६) अनुभवाचा खोटा दाखला कधीही घेऊ नये. तो देणारा विसरून जातो. कागद मात्र सेवापुस्तकात राहतो.
७) मालकाचीही पडताळणी करावी. "रेल्वेत लावतो, एवढे भरा," असे म्हणणाऱ्याला आधी पदाची जाहिरात दाखवायला सांगावे. सरकारी नोकरी पैसे भरून मिळत नसते.

समारोप

आपल्या वाडवडिलांना जन्म तपासून दारातून परत पाठवले गेले. म्हणून तपासणी या शब्दाचाच राग धरणे सोपे आहे, पण बरोबर नाही. जन्म पाहणारी तपासणी आपण नाकारली पाहिजे आणि कर्म पाहणारी तपासणी आपणच मागितली पाहिजे, कारण खोटा दाखला, खोटे चारित्र्य आणि खोटी सही यांचा पहिला बळी बहुधा गरीब आणि प्रामाणिक उमेदवारच असतो. आपल्या वस्तीतल्या मुलांनी ताठ मानेने खरे लिहावे आणि आपण मोठ्यांनी त्यांना खोटे लिहायला शिकवू नये. माझ्याकडून झालेली चूक दुसऱ्या कुणा काकाकडून होऊ नये, यासाठीच हा लेखप्रपंच.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) उपसंपदेच्या प्रश्नांत जातीचा प्रश्न नाही, पण कर्जाचा आहे. यामागील कारण काय असावे?
२) पडताळणी आणि पक्षपात यांतील फरक आपल्या अनुभवातील एका उदाहरणाने सांगा.
३) संस्थेच्या वसतिगृहासाठी आलेल्या उमेदवाराने दहा वर्षांपूर्वीची आपली चूक स्वतः सांगितली आहे. तुम्ही पदाधिकारी असाल तर काय कराल?
४) आपल्या घरातील १९५० पूर्वीचा सर्वांत जुना कागद कोणता, तो शोधून पुढील वर्गात आणा.